सट्टा, सत्ता आणि साक्ष

दिवाळी सरली की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस येतात. गावोगाव पाहुणे जमतात, रात्री दंडार किंवा नाटक असते, आणि मैदानाच्या एका कडेला, जरा अंधारात, झंडीमुंडीचा पट मांडलेला असतो. जुन्या लोकांना त्या पटाची लाज वाटे. तेथे जाणारा मान खाली घालून जाई, आणि पोलीस पाटील येताना दिसला की पट गुंडाळला जाई. आता तो पट प्रत्येकाच्या खिशात आला आहे. तो कोणी गुंडाळत नाही, कारण त्याची लाजही कोणाला उरलेली नाही.

२०२५ च्या ऑगस्ट महिन्याच्या आरंभी, इशाच्या नमाजनंतर एक तरुण माझ्यापाशी थांबला. उन्हाळी धानाचे चुकारे त्याच्या वडिलांच्या खात्यात जमा झाले होते, आणि ते पैसे त्याने तीन रात्रींत मोबाईलवरील पत्त्यांच्या खेळात घालविले होते. मी त्याला जुगाराविषयीचा आदेश सांगू लागलो. त्याने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "मौलानासाहेब, मंत्रीच सभागृहात बसून खेळतात असे लोक बोलतात. त्यांचे काही बिघडत नाही. मग आम्हीच तेवढे गुन्हेगार कसे?"

त्या क्षणी मला नीट उत्तर देता आले नाही. तो प्रश्न केवळ त्याचा नव्हता. सत्तेवर असलेल्या माणसाचे वागणे आणि बोलणे सामान्य माणसाच्या हलाल-हरामच्या जाणिवेवर, आणि पुढे त्याच्या मतावर, किती परिणाम करते, असा तो प्रश्न होता. त्याचे उत्तर मी आपल्याबरोबर शोधू इच्छितो.

घटना आणि आपण

ज्या प्रसंगाचा त्या तरुणाने उल्लेख केला तो आपणास आठवत असेल. २० जुलै २०२५ रोजी आमदार रोहित पवार यांनी एक चित्रफीत प्रसृत केली. तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेच्या सभागृहात मोबाईलवर पत्त्यांचा खेळ खेळत आहेत, असा तिच्या आधारे आरोप झाला. कोकाटे यांनी तो नाकारला. पडद्यावर आलेला खेळ आपण बंद करीत होतो, असे त्यांचे म्हणणे होते. ३१ जुलै रोजी त्यांचे कृषी खाते काढून त्यांना क्रीडा खाते देण्यात आले.

खरे काय होते याचा निवाडा मी करणार नाही. कुरआनने सूरह अल्-हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमीची शहानिशा केल्याशिवाय कोणाचे नुकसान न करण्याची ताकीद दिली आहे, आणि हा आदेश राजकारण्यांच्या बाबतीत स्थगित होत नाही. मी न्याहाळीत होतो ते आमच्या चौकातील माणसांना. सरकारच्या विरोधी पक्षाचे लोक जुगार किती वाईट आहे हे तावातावाने सांगत होते. सत्तापक्षाचे लोक म्हणत होते की पत्ते कोण खेळत नाही? दोन्ही बाजूंच्या कित्येकांच्या मोबाईलमध्ये तोच खेळ होता. ज्याचा त्याचा पक्ष ठरलेला होता, आणि जुगाराविषयीचे मत त्या पक्षाच्या मागून चालत आले होते.

वाचकहो, राजकारण्याचा पहिला परिणाम हाच. तो आपले मत बदलतो असे नव्हे. तो आपल्या हातातील तराजूच बदलून टाकतो. जी गोष्ट काल पाप होती, ती आज "आमच्या माणसाची" असल्यामुळे किरकोळ ठरते, आणि "त्यांच्या माणसाची" असल्यामुळे महापाप ठरते. कुरआनने मात्र सूरह अन्-निसाच्या १३५ व्या आयतीत न्यायाची साक्ष स्वतःविरुद्ध आणि आईवडिलांविरुद्धही देण्याचा आदेश दिला आहे. जेथे आईवडिलांची सवलत नाही, तेथे पक्षाची सवलत कोठून असणार?

महसुलाचा युक्तिवाद

दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. जुगार चांगला आहे असे कोणताही पुढारी उघडपणे म्हणत नाही. तो म्हणतो की यातून राज्याला उत्पन्न मिळते, त्या उत्पन्नातून रस्ते आणि दवाखाने होतात. मतदाराला हे पटते, कारण रस्ता दिसतो. बुडालेले घर दाराआड असते.

आपल्या राज्याचा इतिहास पाहा. १८८७ सालच्या कायद्याने येथे जुगाराच्या अड्ड्यांवर बंदी घातली. १९६९ साली त्याच राज्याने स्वतःची लॉटरी सुरू केली. १९७६ साली कॅसिनोंना परवानगी देणारा कायदा केला गेला; तो कधीच अंमलात आला नाही, आणि अखेर २०२३ साली रद्द झाला. म्हणजे ४७ वर्षे एक दार ना उघडे होते, ना बंद. त्याच २०२३ सालच्या ऑक्टोबरपासून ऑनलाइन पैशांच्या खेळांत लावल्या जाणाऱ्या पूर्ण रकमेवर देशभर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. कर जबर होता हे खरे; परंतु खेळ चालू राहण्यात तिजोरीचाही वाटा ठरला, हेही तितकेच खरे.

शेजारच्या गोव्यात चित्र आणखी स्पष्ट आहे. काँग्रेसच्या राजवटीत मांडवी नदीतील कॅसिनो-जहाजांना परवाने मिळाले. भारतीय जनता पक्ष विरोधात असताना त्या जहाजांविरुद्ध आंदोलने करीत होता. २०१२ साली तो सत्तेवर आला. जहाजे मांडवीतच राहिली. पुढे १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत जाऊन जुगार खेळण्यास मनाई झाली. या निर्णयाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. जी वस्तू आपल्या लेकरांसाठी विष आहे, ती परक्याच्या लेकरांकडून पैसा मिळविण्यासाठी चालते! आणि ते परके कोण? त्यांत आपल्या महाराष्ट्रातून गेलेले तरुणही आहेत.

हा युक्तिवाद नवा नाही. इस्लामपूर्व अरबस्तानात उंट कापून त्याच्या मांसाच्या वाट्यांसाठी बाणांच्या साहाय्याने जुगार खेळला जाई. त्यालाच 'मैसिर' म्हणतात. जिंकणारे कित्येकदा ते मांस स्वतः न खाता गोरगरिबांत वाटून टाकीत, आणि त्यात भाग न घेणाऱ्याला कंजूस म्हणून हिणविले जाई, असे भाष्यकारांनी नमूद केले आहे. म्हणजे तो एक प्रकारे 'कल्याणकारी' जुगार होता. कुरआनने ही बाजू नाकारली नाही. सूरह अल्-बकरहच्या २१९ व्या आयतीत दारू आणि जुगारात लोकांसाठी काही फायदे असल्याचे मान्य केले आहे. परंतु त्यांतील पाप त्यांच्या फायद्याहून मोठे असल्याचे सांगून हिशेब पूर्ण केला आहे. लाभाचा आकडा खोटा नव्हता, तो केवळ अर्धा हिशेब होता. आजचा पुढारी जेव्हा महसुलाचा आकडा सांगतो, तेव्हा तोच अर्धा हिशेब सांगत असतो. उरलेला अर्धा विचारणे हे मतदाराचे काम आहे.

काही जण आणखी एक पळवाट दाखवितात: हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला, हे खरे. न्यायालयासमोर त्या वेळच्या कायद्याच्या शब्दांचा प्रश्न होता. शरिअतचा प्रश्न वेगळा आहे. दोघांचे पैसे पणाला लागले, निकाल अनिश्चित राहिला आणि एकाचा लाभ दुसऱ्याच्या हानीतूनच झाला, की तो 'किमार' ठरतो. मग पत्ते कितीही हुशारीने खेळलेले असोत. त्या तरुणाच्या वडिलांनी चिखलात उभे राहून पिकविलेले धान दुसऱ्याच्या हुशारीने नेले काय किंवा नशिबाने नेले काय, घरात तांदूळ तितकेच कमी झाले.

शस्त्र म्हणून जुगार

तिसरा परिणाम निवडणुकीच्या तोंडावर दिसतो. आमच्या पूर्वेस गोंदिया आणि त्याच्या पलीकडे छत्तीसगड. तेथे नोव्हेंबर २०२३ मध्ये ७ आणि १७ तारखेस विधानसभेचे मतदान झाले. पहिल्या टप्प्याला चार दिवस उरले असताना, ३ नोव्हेंबरला, महादेव नावाच्या सट्टा अॅपच्या चालकांनी मुख्यमंत्री भूपेश बघेल यांना ५०८ कोटी रुपये दिल्याचा आरोप असल्याचे अंमलबजावणी संचालनालयाने जाहीर केले. बघेल यांनी तो आरोप फेटाळला आणि त्यामागे राजकारण असल्याचे म्हटले. पंतप्रधानांनी तो विषय प्रचारसभेत मांडला. काँग्रेसचा त्या निवडणुकीत पराभव झाला.

पराभवाची कारणे अनेक असतात. एका आरोपाने किती मते फिरली हे कोणी मोजलेले नाही. मी एवढेच विचारतो की चार दिवसांत त्या आरोपाची शहानिशा करणे मतदाराला शक्य होते काय? आणि ज्यांनी तो विषय उचलला, त्यांचा जुगाराला विरोध निवडणुकीआधीही होता काय, नंतरही राहिला काय? एखाद्या जमातीविषयीचा वा पक्षाविषयीचा राग आपल्याला अन्यायाकडे नेऊ नये, ही सूरह अल्-माइदहच्या आठव्या आयतीची शिकवण आहे. जुगाराविषयीचा तिटकारासुद्धा यास अपवाद नाही. पापाचा द्वेष करीत असताना माणसावर खोटा आळ घेतला, तर आपण एका पापातून दुसऱ्या पापात शिरलो.

आता विरुद्ध उदाहरण पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये आमच्याच विदर्भातील अचलपूरचे तेव्हाचे आमदार बच्चू कडू यांनी ऑनलाइन खेळाच्या जाहिरातीबद्दल सचिन तेंडुलकर यांच्या मुंबईतील घरासमोर आंदोलन केले. लोकप्रिय माणसाला हे विचारण्यास धैर्य लागते. २०२४ च्या निवडणुकीत कडू पराभूत झाले. मी या दोन गोष्टींचा संबंध जोडत नाही. परंतु आपण स्वतःला विचारावे: मत देताना उमेदवाराच्या अशा भूमिकेला आपण कधी रुपयात एक आणा तरी वजन दिले आहे काय?

मत म्हणजे साक्ष

आदरणीय मुफ्ती मुहम्मद शफी (र.) यांनी मताला तीन अंगे असल्याचे लिहिले आहे. मत ही साक्ष आहे, शिफारस आहे आणि प्रतिनिधित्व सोपविणे आहे. उमेदवार या कामास लायक आहे अशी आपण साक्ष देतो. त्याची शिफारस करतो. आणि आपल्या वतीने काम करण्याचा अधिकार त्याला देतो. चांगल्या शिफारशीत करणाऱ्याचा वाटा असतो आणि वाईट शिफारशीतही असतो, हे सूरह अन्-निसाच्या ८५ व्या आयतीत सांगितले आहे. साक्ष लपविणाऱ्याचे हृदय पापी ठरते, असे सूरह अल्-बकरहच्या २८३ व्या आयतीत आले आहे. म्हणजे खोटी साक्ष पाप आहे, आणि मौनही नेहमीच निर्दोष नसते.

येथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. आसगावला येण्यापूर्वी मी दुसऱ्या एका गावात इमाम होतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एक गृहस्थ उभे होते. त्यांची कमाई सट्टापट्टीची आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होते. त्यांनी ईदगाहची भिंत बांधून देण्याची तयारी दाखविली. वडीलधाऱ्यांनी मला विचारले, "इमामसाहेब, आपले काय म्हणणे?" मसअला मला माहीत होता. मी म्हणालो, "कमिटीने ठरवावे." भिंत झाली. ते गृहस्थ निवडून आले. त्यानंतर दोन ईद मी त्याच भिंतीसमोर उभा राहून लोकांना नमाज पढविली. मी कोणाला मत द्या असे म्हटले नव्हते, हे माझे समाधान. परंतु माझे मौन हीच त्यांच्यासाठी शिफारस ठरली होती, हे मला त्या भिंतीने प्रत्येक वेळी सांगितले.

महाविद्यालयात मराठी शिकताना महाभारतातील द्यूतसभेचा प्रसंग आम्ही वर्गात चर्चिला होता. तो जुगार कोपऱ्यातील अड्ड्यावर झाला नव्हता. राजसभेत, राजाच्या संमतीने झाला होता. त्या प्रसंगात फासे टाकणाऱ्यांइतकेच गप्प बसलेले ज्येष्ठ वाचकाला अस्वस्थ करतात. त्या ज्येष्ठांत मी स्वतःला नंतर ओळखले.

साक्षीदाराची आणखी एक अट आहे. ज्याचा खटल्यात स्वार्थ असेल, त्याची साक्ष काझी ग्राह्य धरीत नाही. आज निवडणुकीच्या निकालावरही सट्टा लागतो. राजस्थानातील फलोदीच्या सट्टाबाजाराचे 'अंदाज' वर्तमानपत्रे छापतात आणि आपण ते चवीने वाचतो. गावातही "अमुक निवडून येतो, लाव हजार रुपये" अशा पैजा लागतात. ज्याने उमेदवारावर पैसे लावले, त्याचे मत साक्ष उरते काय? आणि ज्याने मतासाठी पैसे घेतले, त्याने तर साक्षच विकली. अशा माणसाने मंत्र्याच्या मोबाईलकडे बोट दाखवू नये.

कायदा आला, प्रश्न उरला

२०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा झाला. २० तारखेस लोकसभेने, २१ तारखेस राज्यसभेने तो संमत केला आणि २२ तारखेस राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. 'ये, तुझ्याशी जुगार खेळतो' एवढे नुसते म्हणणाऱ्यानेही सदका द्यावा, असा प्रेषित मुहम्मद (स.) यांचा आदेश बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तेव्हा आमंत्रण देणाऱ्याला जबाबदार धरणारे कलम आपल्याला परके वाटू नये. चांगल्या कामाचे श्रेय देणे हाही न्याय आहे. ते काम कोणत्या पक्षाच्या सरकारने केले हे पाहून ते कमी-जास्त करू नये.

परंतु दोन्ही सभागृहांत हे विधेयक गदारोळात, आवाजी मतदानाने संमत झाले. कोणत्या खासदाराची भूमिका काय, याची नोंद मतदाराच्या हाती आली नाही. म्हणून ती आपणच विचारली पाहिजे. उमेदवार दारी येईल तेव्हा शांतपणे विचारा: राज्याच्या लॉटरीविषयी आपले मत काय? गावातील सट्टापट्टीविषयी आपण पोलिसांशी कधी बोललात काय? आपल्या प्रचाराचा पैसा कोठून येतो? बुडालेल्या घरांसाठी आपण काय कराल? उत्तर मिळो न मिळो, आपण काय तोलतो आहोत हे त्याला कळेल.

आता अवघड प्रश्न. एक उमेदवार जुगाराचा कडवा विरोधक आहे, पण माणसामाणसांत द्वेष पेरतो. दुसरा न्यायी आहे, सर्वांना जवळ करतो, पण लॉटरीविषयी ढिला आहे. मत कोणाला? मोठी हानी टाळण्यासाठी लहान हानी सोसावी, हे फिकहचे सूत्र आहे. पण मोठी कोणती? सूरह अल्-माइदहच्या ९१ व्या आयतीत जुगाराच्या निषेधाचे कारण दिले आहे: सैतान त्याद्वारे तुमच्यात वैर आणि द्वेष माजवू इच्छितो आणि तुम्हाला अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून रोखू इच्छितो. ज्या वैरापासून वाचविण्यासाठी जुगार निषिद्ध झाला, तेच वैर जो भाषणांतून वाटतो, त्याचा जुगारविरोध कोणाच्या उपयोगाचा? मला यात द्वेष मोठी हानी वाटते. मात्र न्यायी उमेदवाराला मत देऊन गप्प बसू नये. त्याच्या ढिलाईबद्दल त्याला निवडणुकीनंतरही विचारीत राहावे. नाहीतर 'लहान' म्हणून सोसलेली हानी हळूहळू आपल्याला दिसेनाशी होते.

त्या तरुणास

कायदा झाल्यावर तो तरुण पुन्हा आला. म्हणाला, "खेळ बंद झाला, मौलानासाहेब. आता मित्र दुसऱ्या देशातल्या अॅपची लिंक पाठवितात." या वेळी मी त्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले. सूरह अल्-अहजाबच्या ६७ व्या आयतीत काही लोकांचे परलोकातील बोलणे आले आहे. ते आपल्या पालनकर्त्यास सांगतील की आम्ही आमच्या सरदारांचे आणि मोठ्यांचे ऐकले, त्यांनी आम्हाला वाट चुकविली. ते त्या सरदारांसाठी दुप्पट शिक्षा मागतील. परंतु या सबबीने त्यांची स्वतःची सुटका झाल्याचे तेथे कोठेही म्हटलेले नाही. मंत्र्याचा हिशेब मंत्री देईल. तुझ्या वडिलांच्या धानाचा हिशेब तुला द्यायचा आहे, आणि मौन पाळलेल्या इमामाचा हिशेब मला.

त्याने माझ्यासमोर ती लिंक पुसून टाकली. कर्ज फेडण्यास त्याला दोन हंगाम लागतील. त्याच्या वडिलांना सर्व सांगण्यासाठी मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो. म्हातारा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "पोरगा खरे बोलला, हे पहिले चुकारे."

वाचकहो, मतदानाच्या दिवशी आपल्या बोटाला शाई लागेल. ती काही दिवसांत जाते. दिलेली साक्ष जात नाही. अल्लाह आपणा सर्वांना सत्य साक्ष देण्याचे धैर्य आणि हलाल घासावर समाधान मानण्याची बुद्धी देवो. आमीन.